कुंभकोणमची दुसरी भाषा

परभाषा कशी शिकावी आणि कशी शिकवावी यावर चालणारे एखादे संशोधनपर नियतकालिक उघडले की पहिल्या दोन-चार पानांतच एक पारिभाषिक जोडी भेटते : ‘परकी भाषा’ आणि ‘दुसरी भाषा’. पुण्यातला मुलगा जर्मन शिकतो ती परकी, कारण वर्गाबाहेर पडल्यावर ती त्याला कुठेच भेटत नाही. कोल्हापूरहून बंगळुरूला नोकरीसाठी गेलेली मुलगी कन्नड शिकते ती दुसरी. भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत ती तिला दिवसभर ऐकू येते. भेद कामाचा आहे. शिकवण्याची पद्धत, पुस्तके, परीक्षा सगळे त्यावर ठरते. या दोन्हींच्या मागे एक ‘पहिली भाषा’ मात्र न बोलता गृहीत धरलेली असते. ती घरात आपोआप येते, तिची फी नसते, आणि ती एकदा आली की जात नाही, असे मानून संशोधक पुढे सरकतात.

अशी नियतकालिके मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. कुंभकोणमच्या मराठी माणसांचा इतिहास वाचू लागल्यापासून मला त्यांतली ही गृहीत धरलेली पहिली भाषाच जास्त अस्वस्थ करते.

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमधले देवळांचे गाव. बारा वर्षांनी येणारा महामहम, पितळेची भांडी, विड्याची पाने आणि हल्ली जिच्या नावाच्या पाट्या महामार्गावर जागोजागी दिसतात ती ‘डिग्री कॉफी’ यांसाठी ते प्रसिद्ध. तंजावर इथून चाळीसेक किलोमीटरवर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले, आणि त्यांच्यामागून कारकून, शिपाई, पुराणिक, कीर्तनकार, मुदपाकखान्यातली माणसे अशी मराठी वस्ती कावेरीच्या खोऱ्यात पसरली. ही माणसे आली तेव्हा तिथे तमिळ होती हे उघडच आहे. पण दरबाराची भाषा आधीच्या नायक राजांमुळे तेलुगू होती, आणि विद्येची संस्कृत. म्हणजे मराठी मुलाला जन्मतःच तीन ‘दुसऱ्या’ भाषा वाट्याला आल्या. त्या त्याने कुठल्या पुस्तकातून शिकल्या नाहीत. बाजारात, देवळात आणि कचेरीत उभे राहून शिकल्या.

राज्यकर्त्यांनी या गोंधळाची लाज बाळगली नाही, उलट त्याचे नाटक केले. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा रंगभूमीवर एकमेकींना भेटतात. सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर लिहिलेल्या या नाटकाचा प्रेक्षक कोण असेल, याचा विचार करून पाहावा. पाचही भाषा अस्खलित येणारे थोडे असतील. पण एकीतला विनोद दुसरीच्या आधाराने कळणारे, अर्धे समजून पुरते हसणारे पुष्कळ असले पाहिजेत. आजच्या परिभाषेत ज्याला ‘आकलनक्षमता’ म्हणतात ती अशा सभागृहात फुकट वाटली जात होती.

शिकवण्याचा जाणता विचार दिसतो तो दुसऱ्या सरफोजीच्या काळात. हा राजा श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला आणि इंग्रजी शिकला. १७९८ मध्ये तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. हातात किल्ला, पेन्शन आणि वेळ उरला. त्याने तो ग्रंथालयावर, वैद्यकावर आणि शाळांवर घातला. त्याच्या आज्ञेने इसापच्या गोष्टी मराठीत आल्या, ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने, आणि तंजावरच्या त्याच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापल्या गेल्या. मुंबईत मराठी मुलांसाठी छापील क्रमिक पुस्तके निघायला तेव्हा अजून अवकाश होता. मराठी छपाईचा इतिहास सांगताना आपण सेरामपूर आणि मुंबई यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो. तंजावरकडे एखाद्या तळटीपेपुरतेच जातो. हे मला कधीच पटलेले नाही.

सरफोजीचे दुसरे एक काम माझ्या मते याहून नवलाचे आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्याचे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, आपण कुठकुठे हिंडलो ते सांगते आणि नायिकेचा हात पाहते. सरफोजीने या बाईच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. युरोपियन पुस्तकांतून शिकलेले खंड, देश, समुद्र ती मराठीत गाऊन सांगते. परक्या भाषेतून मिळालेले ज्ञान, शेजारच्या भाषेतला नाट्यप्रकार आणि घरची भाषा अशी ही तिपेडी वेणी आहे. मुलांना भूगोल गाण्यातून शिकवावा, हे सांगायला आज चर्चासत्रे भरतात.

त्याने मुक्तांबाळच्या नावाने ओरत्तनाडूजवळ बांधलेल्या छत्रातही शाळा चालत असे आणि तिथे देशी भाषांबरोबर इंग्रजीही होती. म्हणजे या टप्प्यापर्यंत मराठी ही शिकवायची, लिहायची, छापायची भाषा होती. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबच लांब मराठी लेख १८०३ मध्ये कोरला गेला तो याच आत्मविश्वासातून. वाचणारे आहेत, अशी खात्री असल्याशिवाय इतका दगड कोणी खोदत नाही.

१८५५ मध्ये सरफोजीचा मुलगा शिवाजी वारला, त्याला मुलगा नव्हता, आणि राज्य खालसा झाले. पण मराठी कारकुनाने वारे त्याच्या आधीच ओळखले होते. मोडी जाणणाऱ्याला दरबार पोसत होता, इंग्रजी जाणणाऱ्याला सगळा दक्षिण हिंदुस्थान पोसणार होता. कुंभकोणमच्या एका घराण्यात ही उलथापालथ स्वच्छ दिसते. व्यंकटराव आणि रंगराव हे दोघे भाऊ त्रावणकोरच्या दिवाणपदापर्यंत पोचले. रंगरावांचा मुलगा माधव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मला. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात पॉवेल नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली तो शिकला, १८४६ मध्ये उत्तम रीतीने परीक्षा उतरला, थोडे दिवस सरकारी कचेरीत राहिला, आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचा इंग्रजीचा शिक्षक झाला. घरी मराठी, गावात तमिळ, शिकवायचे इंग्रजी, आणि शिष्यांची भाषा मल्याळम. पुढे तो तिथला दिवाण झाला, १८७२ पर्यंत राहिला, मग इंदूर, मग बडोदे. सगळा हिंदुस्थान त्याला सर टी. माधवराव म्हणून ओळखू लागला. त्या ‘टी’चा अर्थ तंजावर. मूळ गावाला आद्याक्षर करून नावापुढे लावण्याची ही तमिळ रीत मराठी घरांनी इतकी उचलली की आज आपल्यालाही ते इंग्रजी नाव वाटते.

बडोद्याची गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे, पण ती भाषाशिक्षणाची गोष्ट म्हणून क्वचितच सांगितली जाते. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला गेला, २७ मे १८७५ रोजी. तो सयाजीराव. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. आता त्याने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकाच वेळी शिकायच्या होत्या, आणि त्याही सहा वर्षांत राज्य हाती घेण्याइतक्या. त्याचे इंग्रज शिक्षक इलियट. एका अंगाने पाहिले तर कुठल्याही संशोधकाला हवासा वाटावा असा हा विद्यार्थी : वय ठाऊक, आरंभ शून्यापासून, मुदत ठरलेली, आणि परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष राज्य. दुसऱ्या अंगाने पाहिले तर घरापासून तोडलेले एक मूल. त्याची मराठीसुद्धा त्याला नव्याने शिकवली जात होती, कारण कवळाण्याची बोली राजवाड्यात चालणारी नव्हती. ‘पहिली भाषा’ दुसरी म्हणून शिकण्याची वेळ येते ती अशी.

१८८१ मध्ये, सयाजीरावांच्या हाती अधिकार जाण्याच्या आधी, दिवाण माधवरावांनी त्यांच्यापुढे व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाने वचन कसे पाळावे, नोकर कसे नेमावेत, न्यायात ढवळाढवळ का करू नये, अशा विषयांची ही शिकवण साध्या, चढत न जाणाऱ्या वाक्यांत आहे. शिकणारा समोर बसला आहे याचे भान सुटत नाही. हाडाच्या शिक्षकाचे हे इंग्रजी आहे. पण मला पुन्हा पुन्हा दिसते ते त्या खोलीतले दृश्य. सांगणारा मराठी, ऐकणारा मराठी. एकाची मराठी दोनशे वर्षे कावेरीकाठी राहिलेली, दुसऱ्याची मोसम-गिरणेच्या काठची. आणि राज्य कसे करावे हा विषय दोघेही बोलतात इंग्रजीत. त्याला कारणे होती : रेसिडेंटला कळले पाहिजे, छापले गेले पाहिजे, आणि राज्यशास्त्राचे शब्द माधवराव ज्या भाषेत शिकले होते ती इंग्रजीच होती. तरीही एक कारण मला यांहून खोल वाटते. कुंभकोणमच्या घरातली मराठी तोवर जेवणाची, देवाची, थट्टेची भाषा होत चालली होती. कारभाराचा मजकूर तिच्या आवाक्याबाहेर गेला होता असे नाही. तो तिच्यावर टाकण्याची सवय सुटली होती.

असेच एक दृश्य १८८७ चे. मद्रासला सामाजिक परिषदेची स्थापना झाली तेव्हा पुण्याचे न्यायमूर्ती रानडे आणि कुंभकोणमचे दिवाणबहादुर रघुनाथराव (माधवरावांचे चुलतभाऊ) हे दोन मराठी माणसे तिच्या अग्रभागी होती. कामाची भाषा अर्थातच इंग्रजी.

कुंभकोणमचे कॉलेज हे या सगळ्याचे केंद्र. १८५४ मध्ये ते सरकारी शाळा म्हणून सुरू झाले, पुढे कॉलेज झाले, आणि केंब्रिजहून आलेल्या पोर्टर या प्राचार्यामुळे लोक त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. पोर्टरच्या जोडीने नाव घेतले जाते ते टी. गोपाळराव या तंजावरी मराठी शिक्षकाचे. गावात पोर्टरच्या नावाचा टाउन हॉल झाला आणि गोपाळरावांच्या नावाचे ग्रंथालय. शिक्षकाच्या नावाने गावाने ग्रंथालय काढावे, यात त्या गावाची शिकण्याकडे पाहण्याची दृष्टी कळते. शेक्सपिअर तोंडपाठ, व्याकरण काटेकोर, निबंध वळणदार, असे हे शिक्षण होते. त्यातून घडलेला एक विद्यार्थी म्हणजे जवळच्या वलंगैमानचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. त्यांच्या इंग्रजीने इंग्रजही चकित होत, आणि गोखल्यांच्या पश्चात १९१५ मध्ये पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा या तमिळ माणसाकडे आली.

आणि त्याच इमारतीतून बाहेर पडलेला दुसरा विद्यार्थी श्रीनिवास रामानुजन. टाउन हायस्कुलातून शिष्यवृत्ती घेऊन तो १९०४ मध्ये या कॉलेजात आला आणि इंग्रजी निबंधाच्या पेपरात नापास होऊन शिष्यवृत्ती गमावून बसला. त्याचे गणित कोणी तपासले नाही, त्याची दुसरी भाषा तपासली. रामानुजनवर लिहिणारे हा प्रसंग त्याच्या एकारलेपणाचा म्हणून सांगतात. मला तो दाराच्या रुंदीचा वाटतो. ज्या दारातून माधवराव आणि शास्त्री रुबाबात आत गेले, त्याच दाराच्या चौकटीवर रामानुजनचे कपाळ आपटले. इंग्रजीने कुंभकोणमला काय दिले याचा हिशेब मांडताना हा खर्चाचा आकडा त्याच पानावर लिहायला हवा.

भाषाशिक्षणाचे शास्त्र नियतकालिकांत आले ते बरेच पुढे. १९४६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने ‘इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ सुरू केले. कोशकार हॉर्नबी त्याचे पहिले संपादक. १९६२ मध्ये त्यात मद्रास राज्यावर एक लेख आला. विषय होता प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या सत्तावीस हजार शिक्षकांना नव्याने तयार करण्याची मोहीम. आधी थोड्यांना शिकवायचे, त्यांनी आणखी थोड्यांना, त्यांनी पुढच्यांना. लेखकाने तिला ‘मद्रासचा स्नोबॉल’ म्हटले. मे महिन्यात कुंभकोणमला जाऊन आलेल्या कोणालाही या रूपकाचे हसू येईल. पण मोहीम खरी होती. भाषांतर सोडा, पाठांतर सोडा, वस्तू हातात धरा, ‘हे पुस्तक आहे’, ‘ते पुस्तक आहे’ अशा रचना पुन्हा पुन्हा बोलवून घ्या, अशी ती पद्धत. गोपाळरावांच्या शेक्सपिअरपासून हे फार दूर होते. ते मूठभरांसाठी होते, हे सर्वांसाठी.

सर्वांसाठी म्हणजे इंग्रजीच्या बाबतीत. त्याच राज्यात हिंदी शिकवावी की नाही यावर १९३७ पासून रान पेटत आले होते, १९६५ मध्ये ते रक्तापर्यंत गेले, आणि १९६८ पासून तमिळनाडूने तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा शाळेत ठेवल्या. तमिळ माणसाने आपली भाषा शाळेत आणि सरकारात जपली हे मला मनापासून आवडते. आपण मराठी लोकांनी ते तसे केलेले नाही. पण या मोठ्या भांडणाच्या आवाजात कुंभकोणमच्या मराठीचे, तिथल्या रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्र समाजाच्या भाषेचे, काय झाले हे विचारायला कोणाला सवड नव्हती. या भाषांनी कधी मागणीही केली नाही. तमिळ शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक टांगलेले असते, त्याला ‘कालअट्टवणै’ म्हणतात. त्यातला ‘अट्टवणै’ हा शब्द मद्रास विद्यापीठाच्या तमिळ कोशाने मराठी ‘आठवण’शी जोडला आहे; दफ्तरातल्या टिपणाच्या अर्थाने तो मराठी कारकुनाबरोबर आला असणार. शब्द भिंतीवर राहिला, त्यात मराठीचा तास मात्र कधी आला नाही.

कुंभकोणमला एका घरी ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी मला त्यांची वही दाखवली. बोलणे आमचे मराठीत चालले होते. त्यांच्या वाक्यांना तमिळची लय होती आणि काही क्रियापदे अशी, की मी ती फक्त जुन्या बखरींत वाचली होती. वहीत अभंग होते, आमटीच्या कृती होत्या, लग्नात म्हणायच्या ओव्या होत्या. सगळे मराठी, आणि सगळे तमिळ अक्षरांत. मला त्यातले अक्षर लागेना, त्यांना माझ्या हातातले देवनागरी लागेना. मग त्या वाचत गेल्या आणि मी ऐकत गेलो. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, आमची भाषा तोंडाची हो, हाताची नव्हे. मला त्यात तक्रार ऐकू आली नाही. नातवंडे परदेशात, त्यांच्याशी बोलणे इंग्रजी-तमिळात. हेही त्यांनी त्याच सुरात सांगितले.

तमिळ लिपीत मराठी लिहिण्याची अडचण अशी की क, ख, ग, घ या चारींना तिथे एकच अक्षर आहे. ट-वर्गाचे आणि त-वर्गाचेही तसेच. म्हणून भजनाच्या छापील पुस्तकांत अक्षराच्या खांद्यावर बारीक आकडे घालतात : दोनचा आकडा दिसला की ख, तीन दिसला की ग, चार दिसला की घ. कुंभकोणमच्या आसमंतात, गोविंदपुरम, तिरुविसनल्लूर, मरुदानल्लूर या गावांत, जी भजनपरंपरा वाढली तिच्यात तुकोबा आणि नामदेव यांचे अभंग त्यागराजांच्या कीर्तनांच्या बरोबरीने गायले जातात. गाणारे बहुतेक तमिळ. मराठीचे एक वाक्यही त्यांना बोलता येत नाही, पण आकड्यांच्या आधाराने ‘घ’ आणि ‘ध’ ते असे स्वच्छ उच्चारतात की पुण्यामुंबईच्या मुलांना ऐकवावे. अर्थ कोणा भागवतरांनी तमिळमध्ये सांगितलेला असतो. भाषाशास्त्र याला भाषा येणे म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण परक्या भाषेचा ध्वनी इतक्या निष्ठेने, परीक्षेशिवाय आणि पगाराशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेल्याचे दुसरे उदाहरण मी कुठल्या नियतकालिकात वाचलेले नाही.

तंजावरच्या सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि राज्याच्या दफ्तराचे मोडी कागदांचे गठ्ठे. कोणाच्या छत्रात किती तांदूळ शिजला, कोणत्या वैद्याला काय दिले, कोणत्या नाचणारणीचा पगार थकला, असा तो मजकूर. मोडी वाचणारी घरे त्या जिल्ह्यात उरली नव्हती. १९८१ मध्ये तंजावरला तमिळ विद्यापीठ निघाले, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याने या मोडी कागदांचा तमिळ अनुवाद टिपांसह खंडशः छापला. कुंभकोणमच्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीला आपल्या पणज्याच्या पणज्याने कचेरीत काय खरडले होते हे आज वाचायचे असेल, तर ती ते खंड उघडते आणि तमिळमध्ये वाचते.